संकेतस्थळांची मांडणी आणि विजेची बचत : एक हिशेब

वाचविलेली वीज ही निर्माण केलेल्या विजेइतकीच मोलाची असते, हे सूत्र आता सर्वपरिचित झाले आहे. घरातील दिवे आणि पंखे, शेतीपंप, कारखान्यांतील मोटारी यांच्या बाबतीत आपण ते वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत आणि काही अंशी आचरणातही आणीत आहोत. गेल्या पाव शतकात मात्र विजेचा एक नवा ग्राहक आपल्या दैनंदिन जीवनात येऊन स्थिरावला आहे. तो म्हणजे इंटरनेट. सातबारा उतारा, परीक्षेचा निकाल, बाजार समितीतील भाव, रेल्वेचे आरक्षण, शिष्यवृत्तीचा अर्ज अशी असंख्य कामे आज संकेतस्थळांवरून होतात. पडद्यावर एक पान उमटण्यासाठी हातातील मोबाइलपासून दूरवरच्या संगणकापर्यंत अनेक यंत्रे एकाच वेळी चालत असतात आणि त्या सर्वांना वीज लागते.

साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो की, संकेतस्थळाची मांडणी बदलून वीज वाचविता येईल काय? पानाची पार्श्वभूमी पांढऱ्याऐवजी काळी ठेवावी, चित्रे लहान करावीत, हलती दृश्ये काढून टाकावीत, असे उपाय सुचविले जातात. काही जण त्यांत पर्यावरणरक्षणाचा मोठा मार्ग पाहतात, तर काहींना हा सारा देखावा वाटतो. या दोन्ही मतांची शहानिशा आकड्यांच्या आधारेच करावयास हवी. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

वीज नेमकी कोठे खर्च होते?

एखादे पान उघडताना होणाऱ्या विजेच्या खर्चाचे तीन टप्पे पडतात. पहिला टप्पा म्हणजे माहिती जेथे साठविलेली असते ती डेटा सेंटरे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील डेटा सेंटरांनी २०२४ साली सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या सुमारे दीड टक्का एवढे हे प्रमाण आहे. २०३० पर्यंत हा आकडा ९४,५०० कोटी युनिटांच्या आसपास जाईल, असा त्या संस्थेचा अंदाज असून, त्या वाढीमागे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी गणनयंत्रे हे प्रमुख कारण आहे. मुंबई आणि नवी मुंबई परिसर हा देशातील डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा समूह असल्याने हा विषय आपल्या राज्यालाही जवळचा आहे.

दुसरा टप्पा वाहतुकीचा. समुद्राखालील व जमिनीखालील तारा, त्यांवरील विद्युत-उपकरणे, मोबाइलचे मनोरे आणि घरातील राउटर यांचा त्यात समावेश होतो. या टप्प्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. ही यंत्रे वापर असो वा नसो, चालूच असतात. घरातील १० वॅटचा राउटर वर्षभर अहोरात्र चालू राहिल्यास सुमारे ८८ युनिट वीज घेतो. त्यातून दिवसभरात एक पान मागविले की शंभर, याने त्या आकड्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

तिसरा टप्पा आपल्या हातातील उपकरणाचा. आजच्या सर्वसाधारण मोबाइलची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची असते. तिच्यात सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. रोज सरासरी २० वॅट-तास खर्च धरल्यास वर्षाकाठी ७ युनिट होतात. संगणकाचा व दूरचित्रवाणी संचाचा खर्च अर्थातच याहून पुष्कळ अधिक असतो.

या तीन टप्प्यांचे परस्परप्रमाण काय, याचे एक उदाहरण पाहू. इंटरनेटवरून तासभर चित्रफीत पाहण्यास लागणाऱ्या विजेचा अभ्यास आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केला. त्यानुसार हा खर्च सरासरी ०.०७७ युनिट असून, त्यातील ७२ टक्के भाग पाहणाऱ्याच्या उपकरणाचा, २३ टक्के वाहतुकीचा आणि केवळ ५ टक्के डेटा सेंटरचा होता. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा प्रेक्षकाच्या स्वतःच्या घरातच होतो. मांडणीच्या कोणत्याही उपायाची परीक्षा करताना, तो या तिघांपैकी कोणत्या टप्प्यावर परिणाम करतो, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

काळ्या पानाचा धडा

या विषयातील सर्वांत गाजलेला उपाय म्हणजे काळी पार्श्वभूमी. जानेवारी २००७ मध्ये असा एक हिशेब प्रसिद्ध झाला की, गूगल या शोधयंत्राने आपले पांढरे पान काळे केले, तर वर्षाला साडेसात लाख युनिट वीज वाचेल. हिशेबाची रीत पाहण्यासारखी आहे. जुन्या काचनळीच्या संगणक-पडद्यास पूर्ण पांढरे पान दाखविण्यास ७४ वॅट आणि काळे पान दाखविण्यास ५९ वॅट लागतात; फरक १५ वॅटचा. दिवसाला २० कोटी शोध आणि प्रत्येक शोधास १० सेकंद धरले, तर एकूण सुमारे साडेपाच लाख तास भरतात. त्यांना १५ वॅटने गुणले असता दिवसाची बचत सुमारे ८,३०० युनिट, आणि वर्षाची तीस लाख युनिट होते. जगातील चतुर्थांश पडदेच अशा जुन्या पद्धतीचे आहेत असे मानून हा आकडा साडेसात लाखांवर आणला गेला. त्याच वर्षी एका ऑस्ट्रेलियन कंपनीने ‘ब्लॅकल’ नावाचे काळ्या रंगाचे शोधपान सुरू केले आणि त्यास जगभर प्रसिद्धी मिळाली.

गुणाकारात चूक नव्हती. प्रश्न पडद्याच्या जातीचा होता. काचनळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील लेपावर आदळून प्रकाश निर्माण करतो. काळ्या भागावर झोत क्षीण ठेवावा लागत असल्याने तेथे वीज खरोखरच वाचते. परंतु २००७ पर्यंत चपट्या एलसीडी पडद्यांनी बाजार व्यापला होता. या पडद्याच्या मागे एक दिवा सतत तेवत असतो. पुढील द्रवस्फटिकांचा थर खिडकीच्या झडपांप्रमाणे तो प्रकाश सोडतो अथवा अडवितो. काळे पान म्हणजे बंद झडपा. दिवा मात्र तसाच जळत राहतो. काही प्रकारच्या एलसीडी पडद्यांत तर झडपा बंद ठेवण्यासाठीच विद्युतदाब द्यावा लागतो, आणि त्यामुळे काळ्या रंगास किंचित अधिक वीज लागते. गूगलनेही ऑगस्ट २००७ मध्ये हेच कारण देऊन, पान काळे केल्याने वीज वाचणार नाही, उलट चपट्या पडद्यांवर खर्च वाढण्याचा संभव आहे, असे जाहीर केले.

उपाय तोच, पण यंत्र बदलले की त्याचे फळ बदलते, हा या घटनेचा धडा होय.

नव्या पडद्यांवरील अनुभव

हा वाद येथे संपला असता. परंतु त्यानंतर ओएलईडी जातीचे पडदे मोबाइलमध्ये सर्रास येऊ लागले. त्यांत मागचा दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि पूर्ण काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. तेव्हा काळ्या पानास पुन्हा अर्थ प्राप्त झाला. मात्र तो किती, हे मोजावयास हवे होते.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली लोकप्रिय मोबाइल अनुप्रयोगांवर अशी मोजणी केली. पडद्याची प्रखरता पूर्ण ठेवली असता पांढऱ्याऐवजी काळी मांडणी वापरल्याने फोनचा वीजवापर सरासरी ३९ ते ४७ टक्क्यांनी घटला. परंतु घरात बसून फोन वापरताना प्रखरता सामान्यतः ३० ते ५० टक्के असते. त्या स्थितीत बचत फक्त ३ ते ९ टक्के आढळली. वार्षिक ७ युनिटांच्या हिशेबाने ही बचत वर्षाला ०.२ ते ०.६ युनिट, म्हणजे विजेच्या देयकात काही रुपये एवढीच ठरते.

यात मनुष्यस्वभावाचाही भाग आहे. बीबीसीच्या संशोधन विभागाने २०२५ मध्ये एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. त्यात सहभागी व्यक्तींना एकच पान उजळ व काळ्या अशा दोन्ही मांडण्यांत दाखविण्यात आले आणि पडद्याची प्रखरता आपल्या सोयीप्रमाणे ठेवण्यास सांगण्यात आले. ८० टक्के व्यक्तींनी काळ्या पानासाठी प्रखरता बरीच वाढविली. काळ्यावर पांढरी अक्षरे स्पष्ट दिसेनात, म्हणून हात आपोआप प्रखरतेच्या खुणेकडे वळतो आणि वाचलेली वीज दुसऱ्या वाटेने निघून जाते.

आता हीच बचत इतर उपायांशेजारी ठेवून पाहू. एक कोटी फोनधारकांनी काळी मांडणी स्वीकारली आणि प्रत्येकी ०.४ युनिट वाचले, तर वर्षाला ४० लाख युनिट वाचतात. आकडा ऐकावयास मोठा आहे. परंतु एक कोटी घरांत ७५ वॅटचा जुना छतपंखा बदलून ३२ वॅटचा ब्रशरहित मोटारीचा पंखा बसविला आणि तो दिवसाला १० तासांप्रमाणे वर्षातील २८० दिवस चालला, तर सुमारे १२० कोटी युनिट वाचतात. दोहोंत तीनशे पटींचे अंतर आहे. काळी मांडणी वाईट नाही. ओएलईडी फोनची बॅटरी तिच्यामुळे अधिक काळ टिकते आणि भारनियमनाच्या काळात त्याचे मोल असते. मात्र तिला ऊर्जाबचतीचे साधन म्हणून मिरविणे हे अतिशयोक्तीचे होईल.

किलोबाइट मोजून वीज मोजता येईल काय?

दुसरा लोकप्रिय उपाय पानाचे वजन कमी करण्याचा. येथे वजन म्हणजे पानासोबत येणाऱ्या एकूण माहितीचे आकारमान. हे वजन वर्षानुवर्षे वाढत गेले आहे. जगभरातील संकेतस्थळांची नियमित मोजणी करणाऱ्या एचटीटीपी अर्काइव्ह या प्रकल्पाच्या नोंदीनुसार ऑक्टोबर २०२४ मध्ये मधल्या प्रतीच्या पानाचे वजन संगणकावर २,६५२ किलोबाइट आणि मोबाइलवर २,३११ किलोबाइट होते. प्रत्यक्ष वाचनीय मजकूर यात फारच थोडा असतो. बाकी सारा भाग चित्रे, जाहिराती, वाचकाच्या हालचालींची नोंद ठेवणाऱ्या आज्ञावली आणि सजावट यांचा असतो.

यावरून एक सोपा गुणाकार रूढ झाला. एक गिगाबाइट माहिती वाहून नेण्यास इतके युनिट लागतात असा दर धरावयाचा, त्याने पानाचे वजन गुणावयाचे आणि वाचकांच्या संख्येने पुन्हा गुणून टनांचा आकडा जाहीर करावयाचा. या रीतीत दोन दोष आहेत. पहिला असा की, हा दर स्थिर नसतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यानुसार तारांच्या जाळ्यासाठी तो २०१५ मध्ये गिगाबाइटला ०.०६ युनिट होता आणि दर दोन वर्षांनी सुमारे निम्मा होत आला होता. पाच-सात वर्षांपूर्वीचा दर आज वापरला, तर उत्तर कित्येक पटींनी चुकते. दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. जाळ्यातील यंत्रे बहुतांशी स्थिर वीज घेत असल्याने आज एक गिगाबाइट कमी मागविले, म्हणून आजच ०.०६ युनिट वाचत नाही. एस.टी.च्या गाडीतील एक प्रवासी कमी झाला म्हणून डिझेल त्या प्रमाणात वाचत नाही, तसेच हे आहे.

घाईने केलेल्या गुणाकाराचे आणखी एक उदाहरण बोधप्रद आहे. फ्रान्समधील ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’ या संस्थेच्या हवाल्याने २०१९ साली असे छापून आले की, अर्धा तास चित्रफीत पाहिल्याने १.६ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबात बिट आणि बाइट या दोन मापांची गल्लत होऊन आकडा आठपट फुगला होता, हे पुढे संस्थेनेच मान्य करून दुरुस्त केले. तोपर्यंत मूळ आकडा जगभर पोहोचला होता.

मग पानाचे वजन कमी करणे व्यर्थ आहे काय? तसे म्हणता येणार नाही. गर्दीच्या वेळची मागणी वाढत गेली की, नवे मनोरे आणि नवी यंत्रे उभारावी लागतात. मागणी आटोक्यात राहिली तर ती उभारणी लांबणीवर पडते. हा लाभ सावकाश मिळतो. शिवाय मोबाइलची गोष्ट तारेपेक्षा वेगळी आहे. मोबाइलमधील संदेशयंत्रणा एकदा जागी झाली की, माहिती आल्यानंतरही काही सेकंद अधिक वीज घेत राहते. म्हणून थोड्या थोड्या वेळाने तुकड्यातुकड्याने माहिती मागविणारे पान बॅटरी अधिक खाते, आणि सर्व माहिती एकदाच आणून पुढे शांत राहणारे पान ती वाचविते.

खरी बचत कोठे आहे?

वरील विवेचनावरून मांडणीचा काहीच उपयोग नाही, असा ग्रह होऊ नये. रंग आणि किलोबाइट यांच्यावर आपले लक्ष प्रमाणाबाहेर केंद्रित झाले आहे, एवढाच त्याचा अर्थ. मांडणीच्या पुढील चार गोष्टींत बचतीला खरा वाव आहे.

पहिली गोष्ट अनावश्यक कामाची. पान उघडताच आपोआप सुरू होणारी चित्रफीत, सतत सरकणारी छायाचित्रे आणि पडद्याआड चालणाऱ्या आज्ञावली उपकरणाच्या मेंदूला विसावा घेऊ देत नाहीत. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली यूट्यूबविषयी केलेला अभ्यास येथे मार्गदर्शक आहे. अनेक लोक यूट्यूबवर केवळ गाणी ऐकतात आणि पडदा पाहतही नाहीत. अशा वेळी दृश्य न पाठविता फक्त ध्वनी पाठविला, तर वर्षाला एक ते पाच लाख टन कार्बन डायऑक्साइड टळू शकेल, असे त्यांचे अनुमान होते. या सेवेचे एकूण उत्सर्जन त्यांनी सुमारे एक कोटी टन धरले होते. म्हणजे मांडणीतील एका निर्णयाने एक ते पाच टक्क्यांची बचत होते. ऐकणाऱ्याचे त्यात काहीच उणे होत नाही, हे विशेष.

दुसरी गोष्ट वेळेची. पडदा जितका वेळ तेवत राहतो, तितकी वीज खर्च होते. आठ पानांचा अर्ज दोन पानांत बसविला, हवी ती माहिती पहिल्या पानावरच ठेवली, भरलेला मजकूर मध्येच पुसला जाणार नाही अशी व्यवस्था केली, तर उपकरण कमी वेळ चालते. येथे विजेची बचत आणि नागरिकाच्या वेळेची बचत एकाच मार्गाने जातात.

तिसरी गोष्ट उपकरणाच्या आयुष्याची. आणि हीच कदाचित सर्वांत महत्त्वाची. मोबाइलच्या संपूर्ण आयुष्यात होणाऱ्या उत्सर्जनापैकी सर्वांत मोठा वाटा तो तयार होतानाच पडतो, हे उत्पादक कंपन्यांच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालांतून दिसून येते. एका फोनच्या निर्मितीचे उत्सर्जन ५० किलोग्रॅम धरू. तो तीन वर्षे वापरला तर वर्षाचा वाटा साडेसोळा किलोग्रॅमच्या वर येतो. चार वर्षे वापरला तर साडेबारा. फरक चार किलोग्रॅमचा. भारतातील वीजनिर्मितीत एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जात असल्याने फोनच्या वर्षभराच्या चार्जिंगचे उत्सर्जन पाच किलोग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे फोन एक वर्ष अधिक टिकविणे हे जवळजवळ त्याचे वर्षभराचे चार्जिंग वाचविण्यासारखे आहे. फोन बदलण्याचे कारण पुष्कळदा तो बिघडला हे नसून, त्यावर नवी पाने उघडेनाशी झाली हे असते. जुन्या व स्वस्त फोनवरही सुरळीत उघडेल असे हलके पान बनविणारा तंत्रज्ञ नकळत त्या फोनचे आयुष्य वाढवीत असतो.

चौथी गोष्ट वाचलेल्या खेपेची. तालुक्याचे गाव २० किलोमीटरवर असलेल्या शेतकऱ्यास डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा घरबसल्या मिळाला, तर जाऊन येऊन ४० किलोमीटरांचा फेरा वाचतो. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर धावते असे धरल्यास ०.८ लिटर पेट्रोल वाचते. एक लिटर पेट्रोलमध्ये उष्णतेच्या रूपाने सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. तेव्हा एका फेऱ्याची ऊर्जा ७ युनिटांच्या आसपास जाते. फोनचे वर्षभराचे चार्जिंगही तेवढेच आहे! वीज आणि उष्णता ही मापे सर्वार्थाने समान नाहीत, हे खरे. म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या मापाने पाहिले, तरी हा एक फेरा फोनच्या चार महिन्यांच्या चार्जिंगइतका भरतो. याउलट पान मध्येच अडकले, भाषा समजली नाही, किंवा दुबळ्या जोडणीवर अर्ज पुढे सरकला नाही, तर तोच शेतकरी गाडीला किक मारून तालुक्याला निघतो. संकेतस्थळाच्या सदोष मांडणीची सर्वांत मोठी ऊर्जाकिंमत अशी रस्त्यावर मोजली जाते, आणि ती डेटा सेंटरच्या वीजमीटरवर कधीच दिसत नाही.

मराठी मजकुराचा विशेष प्रश्न

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत एका गोष्टीचा स्वतंत्र उल्लेख करणे अगत्याचे आहे. आपल्याकडे कागद चित्ररूपात टिपून तोच संकेतस्थळावर ठेवण्याची पद्धत बरीच रुजली आहे. युनिकोड पद्धतीने साठविलेल्या देवनागरी अक्षरचिन्हास सामान्यतः ३ बाइट लागतात. एका पानावर २,००० चिन्हे असतील तर सुमारे ६ किलोबाइट होतात. तेच पान चित्ररूपात टिपले, तर सहज ५०० किलोबाइटपर्यंत जाते. दहा पानांचे परिपत्रक सेकंदाला एक मेगाबिट वेगाच्या जोडणीवर उतरवून घेण्यास चित्ररूपात ४० सेकंद लागतात आणि अक्षररूपात अर्धा सेकंद.

लाभ केवळ वेगाचा नाही. अक्षररूपातील मजकुरात शब्द शोधता येतो, लहान पडद्यावर ओळी आपोआप बसतात आणि दृष्टिहीन नागरिकास तो यंत्राकडून वाचून घेता येतो. चित्ररूपातील पान मात्र बोटांनी मोठे करीत, इकडेतिकडे सरकवीत वाचावे लागते. तेवढा वेळ पडदा तेवत राहतो आणि पुष्कळदा शेवटी कागदी प्रत काढली जाते. सजावटीच्या अक्षरवळणांबाबतही विवेक हवा. जोडाक्षरांमुळे देवनागरी अक्षरसंच इंग्रजीपेक्षा मोठे असतात. फोनमध्ये मुळातच असलेला देवनागरी संच वापरला, तर तो दरवेळी मागविण्याचे कारण उरत नाही.

एक प्रयोग आणि एक इशारा

मांडणी मुळापासून काटकसरीने केली तर कोठपर्यंत मजल मारता येते, याचे एक प्रात्यक्षिक स्पेनमधील बार्सिलोना येथे झाले. ‘लो-टेक मॅगझिन’ या नियतकालिकाने सप्टेंबर २०१८ मध्ये आपले संकेतस्थळ संपादकांच्या घराच्या सज्जात बसविलेल्या ५० वॅटच्या सौर पट्टीवर चालविण्यास प्रारंभ केला. चित्रे ठिपक्यांच्या स्वरूपात हलकी केली, वाचकाच्या उपकरणातील अक्षरसंचच वापरले आणि प्रत्येक मागणीस नवे पान घडविण्याऐवजी तयार पाने ठेवली. पुढील ३५१ दिवसांत त्यांच्या सर्व्हरने सरासरी १.१४ वॅट शक्ती घेतली. एकूण खर्च साडेनऊ युनिटांच्या आसपास झाला आणि सुमारे ९५ टक्के वेळ संकेतस्थळ चालू राहिले. उरलेला वेळ ढगाळ हवेने घेतला. हे प्रात्यक्षिक मोलाचे आहे. तथापि त्यात मोजली गेली ती केवळ सर्व्हरची वीज. वाचकांच्या उपकरणांची आणि जाळ्याची वीज त्या साडेनऊ युनिटांत नाही, हे विसरून चालणार नाही.

इशारा आहे तो इतिहासाचा. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली असे दाखवून दिले की, वाफेची इंजिने काटकसरी होत गेली तसतसा कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढत गेला. कारण स्वस्त झालेली शक्ती नवनव्या कामांना जुंपली गेली. इंटरनेटच्या बाबतीत हेच घडत आले आहे. जाळे वेगवान झाले आणि पाने त्याच प्रमाणात जड झाली. म्हणून काटकसरीच्या तंत्रासोबत मर्यादा ठरविण्याची शिस्तही हवी. पानाचे वजन अमुक किलोबाइटच्या पुढे जाऊ द्यावयाचे नाही, असे संकेतस्थळ उभारतानाच ठरविले, तर नंतर येणारी प्रत्येक सजावट स्वतःची आवश्यकता सिद्ध करूनच आत येईल.

काय करता येईल?

केंद्र शासनाने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. संकेतस्थळ सर्वांना सुलभ असावे हा त्यांतील एक मुख्य आग्रह आहे. सुलभतेचा हा आग्रह आणि ऊर्जेची काटकसर यांचा मार्ग बऱ्याच अंशी एकच आहे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होईल. कार्यालये, महाविद्यालये, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांच्या संकेतस्थळांची जबाबदारी सांभाळणाऱ्यांनी पुढील सहा गोष्टी अमलात आणाव्यात.

१. नवे पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते पाच वर्षे जुन्या, स्वस्त मोबाइलवर आणि गावातील दुबळ्या जोडणीवर उघडून पाहावे.

२. छायाचित्र जेवढ्या आकारात दिसणार, तेवढ्याच आकाराचे करून ठेवावे. ४,००० ठिपके रुंदीचे छायाचित्र ४०० ठिपक्यांच्या जागेत दाखविणे म्हणजे शंभरपट ठिपके विनाकारण पाठविणे होय.

३. परिपत्रके व सूचना युनिकोड मजकुराच्या रूपात द्याव्यात.

४. आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती आणि सरकती दृश्ये टाळावीत. ज्यास पाहावयाचे असेल तो स्वतः कळ दाबून पाहील.

५. न बदलणारे भाग वाचकाच्या उपकरणात साठून राहतील अशी योजना करावी, म्हणजे ते दरवेळी नव्याने मागवावे लागत नाहीत.

६. सेवेचे यश किती जणांनी पान उघडले यावर न मोजता, किती जणांचे काम कार्यालयात न येता पुरे झाले यावर मोजावे.

नागरिकांनाही काही सोपे उपाय योजता येतील. पडद्याची प्रखरता गरजेपुरती ठेवावी. गाणे ऐकावयाचे असेल तेव्हा केवळ ध्वनीची सोय असलेली सेवा वापरावी. चित्रपट मोठ्या संचाऐवजी लहान पडद्यावर पाहणे शक्य असेल, तर त्यात खरी बचत आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या त्याच अभ्यासानुसार ५० इंची दूरचित्रवाणी संचास मोबाइलच्या सुमारे शंभरपट वीज लागते. आणि चालता फोन केवळ नव्याच्या हौसेपोटी टाकून देऊ नये.

संकेतस्थळाच्या मांडणीने वीज वाचते काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ती पानाच्या रंगात थोडी, वजनात काहीशी, आणि नागरिकाचे काम पहिल्याच खेपेस, जुन्याच फोनवर, घरबसल्या पुरे होण्यात सर्वांत अधिक वाचते. पंखे आणि शेतीपंप यांतील बचतीची जागा हा उपाय घेऊ शकत नाही, हे मान्य करूनही तो हाती घेण्यासारखा आहे. कारण त्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, कोणाचीही सोय कमी होत नाही, आणि जे पान वीज वाचविते तेच दूरच्या पाड्यावरील, जुना फोन बाळगणाऱ्या माणसासाठीही उघडते.